दुवा तुटला तरी काम चालू. पण बंद कोण करणार?

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

या अंकात रंगीत छायाचित्रांची पाने का नाहीत, असा प्रश्न अंक हाती पडताच पुष्कळ विद्यार्थी-मित्रांना पडेल. स्नेहसंमेलनाच्या वेळी प्रत्येकाने त्यासाठी वर्गणी दिली होती, तेव्हा विचारण्याचा त्यांना हक्कच आहे. उत्तर देण्याची जबाबदारी माझी आहे, कारण ते पैसे माझ्या निष्काळजीपणाने गेले. कोणी खाल्ले नाहीत, कोठे हरवले नाहीत. मुंबईतल्या कुठल्याशा इमारतीत असलेल्या एका भाड्याच्या यंत्रावर ते खर्च झाले, आणि ज्या अडतीस दिवसांचे ते भाडे होते त्या दिवसांत त्या यंत्रावर काडीचेही काम झाले नाही. कबुलीजबाब म्हणून हा लेख लिहायला घेतला होता. लिहिता लिहिता माझे एक मतही पक्के झाले. ते मत वाचकांपुढे, विशेषतः वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे आणि प्राध्यापक मंडळींपुढे ठेवावे असे वाटते.

प्रथम हकीकत सांगतो. आपल्या मासिकाचे जुने अंक ग्रंथालयाच्या कपाटात पडून आहेत. कागद पिवळा पडला आहे, घडी उघडली की कोपरे तुटतात. संपादक मंडळाने ठरविले की त्यांतले बावीस अंक तरी संगणकावर उतरवून ठेवायचे, म्हणजे कोणालाही शब्द टाकून त्यातला लेख शोधता येईल. एका अंकाची सरासरी शहाण्णव पाने धरली तर २११२ पाने झाली. आम्ही सहा-सात जणांनी पानांची छायाचित्रे काढली. मराठी विभागाची जबाबदारी माझ्याकडे होती आणि कन्नड विभागाची माझ्या एका वर्गमैत्रिणीकडे.

छायाचित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारी टेसरॅक्ट नावाची प्रणाली फुकट मिळते. ह्यूलेट पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात ती तयार झाली आणि २००५ साली सर्वांसाठी खुली करण्यात आली. तिला मराठीही येते आणि कन्नडही येते. पण माझा संगणक जुना, दुसऱ्याच्या हातचा. एका पानाला मिनिटाहून अधिक वेळ घेई. म्हणजे अखंड चालवला तरी दीड दिवस! आणि सांबऱ्यात संगणक दीड दिवस अखंड चालेल अशी खात्री कोण देणार? म्हणून एक मोठे यंत्र तासाच्या बोलीने भाड्याने घ्यायचे ठरले. भाडे तासाला चार रुपये. त्या यंत्रावर एका पानाला अठरा सेकंद लागत, म्हणजे सगळ्या पानांना साडेदहा तास. बेचाळीस-चव्वेचाळीस रुपयांत काम होणार होते. हिशेब इतका सरळ होता की खजिनदाराने लगेच मान डोलावली.

असे यंत्र कधी न पाहिलेल्यांसाठी दोन शब्द. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. निदान आपल्यासमोर तरी नसतो. आपल्या संगणकावर एक काळी खिडकी उघडायची, तिला टर्मिनल म्हणतात. तिच्यात आज्ञा लिहायची, ती आज्ञा शंभर कोसांवरच्या यंत्राकडे जाते आणि उत्तर परत त्याच खिडकीत उमटते. पूर्वी हा संवाद उघड्यावर चाले, परवलीचा शब्दसुद्धा वाटेत कोणाला वाचता येई. १९९५ साली फिनलंडमध्ये तातू उल्योनेन यांनी एसएसएच ही कुलूपबंद पद्धत तयार केली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या दिवसांत विद्यार्थ्यांना परवडेल असे खाते म्हणजे दूरध्वनीच्या तारेवरून दूरच्या यंत्राशी जोडलेली अशीच अक्षरांची खिडकी असे, चित्रे नसत. म्हणजे मला नवलाची वाटणारी ही काळी खिडकी आपल्या काकांच्या पिढीने वापरलेली आहे.

पहिल्या रात्री दहा वाजता मी काम सुरू केले. एकामागून एक पानाचा क्रमांक खिडकीत उमटत होता. ते पाहत बसण्यात मोठी मौज वाटत होती. आईने दोनदा हाक मारली तरी मी उठलो नाही. रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी लाईट गेली. आमच्या घरी ‘लाईट गेली’ म्हणतात, शेजारच्या अज्जी ‘करंट होतु’ म्हणतात; अंधार दोघांच्या घरी सारखाच होतो. माझ्या संगणकाला थोडी बॅटरी होती, पण घरातले इंटरनेटचे यंत्र विजेबरोबरच बंद पडले. मी मनाशी म्हटले, काही हरकत नाही. काम इथे चालू नाही, मुंबईत चालू आहे आणि तिथे वीज आहे. असे म्हणून मी शांत झोपलो.

सकाळी पुन्हा जोडणी करून पाहतो तो काम ठप्प! नऊशेहून अधिक पाने झाली होती, पण हाती एकही नव्हते. माझी आज्ञावली इतकी अडाणी होती की सगळ्या पानांचा मजकूर ती शेवटी एकदाच लिहिणार होती. मुंबईची वीज गेली नव्हती, यंत्र बिघडले नव्हते. मग काम कोणी थांबवले?

उत्तर शोधताना मला जे समजले ते मला फार आवडले, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दूरच्या यंत्रावर आपण खिडकीतून सुरू केलेले काम त्या खिडकीचे आश्रित असते. खिडकीशी असलेला दुवा तुटला असे यंत्राच्या ध्यानात आले की ते त्या सत्रातल्या कामांना एक इशारा पाठवते. त्या इशाऱ्याचे नाव ‘हँग अप’. हँग अप म्हणजे दूरध्वनीचा रिसीव्हर खाली ठेवणे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्स या प्रणालीचे काम सुरू झाले. पुढे तिच्याशी लोक दूरध्वनीच्या तारेवरून बोलू लागले, आणि समोरच्याने फोन ठेवला म्हणजे तो निघून गेला, आता त्याचे काम कशाला चालू ठेवायचे, असा सरळ हिशेब होता. वेगळी सूचना नसेल तर इशारा मिळताच काम आपले प्राण सोडते. आज फोनची तार नाही, रिसीव्हर नाही, तरी नियम तोच आहे. सांबऱ्याची लाईट गेली, आणि यंत्राने समजून घेतले की या पोराने फोन ठेवला!

यावर उपायही जुनेच आहेत. ‘नोहप’ नावाची आज्ञा कामाला बजावते की फोन ठेवल्याचा इशारा आला तरी तिकडे लक्ष देऊ नकोस. काम चालू राहते, पण त्याच्याशी पुन्हा बोलता येत नाही. ते जे बोलेल ते एका कागदावर लिहिले जाते, तेवढेच आपण वाचायचे. दुसरा उपाय अधिक सोयीचा. १९८७ साली बर्लिनच्या तंत्र विद्यापीठातील ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनी ‘स्क्रीन’ नावाची प्रणाली तयार केली. २००७ साली निकोलस मॅरियट यांनी त्याच कामासाठी ‘टीमक्स’ केली. यांची युक्ती अशी की काम आपल्या खिडकीत चालतच नाही. दूरच्या यंत्रावरच एक कायमची खोली उघडली जाते आणि काम त्या खोलीत चालते. आपली खिडकी म्हणजे त्या खोलीत डोकावण्याची फट. फट बंद झाली तरी खोली शाबूत राहते. कंट्रोल आणि बी या दोन कळा एकदम दाबून सोडायच्या आणि मग डी दाबायचा, की आपण बाहेर. पुन्हा कधीही, कुठूनही, आत जाता येते आणि सगळे जसेच्या तसे समोर दिसते.

पहिले यंत्र मी त्याच सकाळी परत केले होते. चार दिवसांनी दुसरे घेतले आणि रात्री दहा वाजता टीमक्सच्या खोलीत काम सुरू केले. आज्ञावलीही सुधारली, आता प्रत्येक पान झाले की ते तेव्हाच लिहिले जाणार होते. बाहेर पडलो, संगणक मिटला आणि झोपलो. पहाटे लाईट गेलीच. सकाळी पावणेआठला महाविद्यालयाकडे येणाऱ्या बसमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवरून त्या खोलीत डोकावलो. विमानतळाचा फाटा मागे पडला होता, बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर १९५० वे पान चालू होते! बसमधल्या कोणालाही सांगून कळले नसते की मी एकटाच का हसतो आहे. पहिला तास संपण्याआधी २११२ पाने पुरी झाली. दोन्ही रात्री मिळून भाडे फार झाले नाही.

इथवरची गोष्ट कोणीही अभिमानाने सांगेल. पुढची सांगायला जड जाते.

मजकूर तयार झाला, पण त्यात चुका होत्या. जुन्या छपाईतली मराठी जोडाक्षरे यंत्राला नीट कळली नव्हती, कन्नडमधले ओत्तक्षर, म्हणजे अक्षराखाली लिहायचे व्यंजन, पुष्कळ ठिकाणी गळाले होते. म्हणून त्याच खोलीत आम्ही दोन कप्पे केले, डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड, आणि दोघेही आपापल्या घरून त्यात जाऊन दुरुस्ती करू लागलो. टीमक्समध्ये एकाच सत्रात दोघांना एकाच वेळी बसता येते. ती टंकित करी ते मला दिसे, मी टंकित करी ते तिला दिसे. काळ्या खिडकीत देवनागरी आणि कन्नड जोडाक्षरे तुटून दिसतात हा त्रास होताच, तरी काम होई. मग परीक्षा आल्या. मी येणे कमी केले, तिनेही कमी केले. मला वाटले, कन्नडचे काम अजून चालू असेल. तिला वाटले, मराठीचे चालू असेल. सत्रांच्या यादीत आमचे सत्र रोज दिसत होते, आणि दिसत होते म्हणूनच दोघांपैकी कोणालाही काही विचारावेसे वाटले नाही. पहिल्या महिन्याचे बिल मंडळाच्या ई-पत्त्यावर येऊन पडले होते, तेही कोणी उघडले नाही. सुट्टी संपल्यावर खजिनदाराने विचारले तेव्हा डोळे उघडले. अडतीस दिवस, म्हणजे ९१२ तास, तासाला चार रुपये, एकूण ३६४८ रुपये. रंगीत पानांसाठी जमा झालेल्या पाच हजारांतून तेराशेच्या आत रक्कम उरली.

मंडळाच्या बैठकीत आम्ही दोघे उभे राहिलो. चूक कोणाची, यावर अर्धा तास चर्चा झाली. कोणी म्हणाले, मराठी विभागाची, कारण यंत्र मी घेतले होते. कोणी म्हणाले, कन्नड विभागाची, कारण शेवटी दुरुस्ती कन्नडची झाली होती. चर्चेला नको ते वळण लागेल अशी भीती मला वाटू लागली. आपल्या भागात त्या वळणाला फार वेळ लागत नाही. तेव्हा माझी मैत्रीण शांतपणे म्हणाली, “चूक भाषेची नाही, चूक दोघांची आहे. दोघांनी दार उघडले आणि दोघांनी एकमेकांवर सोडले.” मी शिकवणीच्या पैशांतून परतफेड सुरू केली आहे, तीही आपला वाटा देते आहे. पण रंगीत पाने या अंकात यायची ती आली नाहीत, हे खरेच.

आता माझे मत मांडतो. काम दुव्यावर अवलंबून नसावे हे मला मान्य आहे, नव्हे, त्याचा मी पुरस्कार करतो. ज्याच्या घरी वीज चोवीस तास आहे, तो याशिवाय निभावून नेईल. आपल्यासारख्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्यांना ही सोय चैन नसून गरज आहे. पण जे सत्र आपोआप मरत नाही, ते कोणीतरी मारावे लागते. जुन्या नियमात एक शहाणपण होते, जे पहिल्या रात्री मला दिसले नाही. फोन ठेवला की काम बंद, हा नियम कठोर होता, पण तो मागे उष्टे-खरकटे ठेवत नव्हता. आपण तो नियम मोडतो तेव्हा मागची झाडलोट करण्याची जबाबदारी यंत्राकडून आपल्याकडे येते. सोय आपण घेतो आणि जबाबदारी विसरतो. माझे नेमके असेच झाले.

जगातल्या जाणत्या लोकांतही यावर वाद झालेला आहे. लिनक्स या प्रणालीतील अनेक यंत्रांचा कारभार सिस्टिमडी नावाची व्यवस्था पाहते. २०१६ साली तिच्या २३० क्रमांकाच्या आवृत्तीत असा नियम मूळातच घालण्यात आला की वापरणारा निघून गेला की त्याची मागे राहिलेली सगळी कामे बंद करायची. स्क्रीन आणि टीमक्सच्या खोल्याही त्यात आल्या. मोठा गदारोळ झाला. वर्षानुवर्षे रात्रभर काम लावून जाणारे लोक चिडले, आणि डेबियनसारख्या वितरणाने तो नियम आपल्यापुरता बंद ठेवला. मी तेव्हा शाळेत होतो. आज ते वाचताना मला दोन्ही बाजू पटतात. ज्याचे काम मेले त्याचा राग पटतो, कारण मी ती सकाळ पाहिली आहे. आणि ज्यांनी नियम केला त्यांची चिंताही पटते, कारण ते अडतीस दिवसही मीच पाहिले आहेत.

मग मधला मार्ग कोणता? तो मला पुण्यात सापडला. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, १९८८ साली पुण्यात स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्याच परंपरेतला परम ब्रह्म आज पुण्याच्या आयसर या संस्थेत आहे. अशा महासंगणकावर शेकडो लोकांचे काम असते. तिथे कोणी मनाला येईल तशी खोली उघडून दिवसेंदिवस मुख्य यंत्र अडवून बसू शकत नाही. काम रांगेत लावायचे आणि लावतानाच सांगायचे की याला किती वेळ हवा. नंबर आला की काम सुरू होते. आपण घरी असलो, झोपलो असलो, दुवा तुटला असला तरी चालते. आणि सांगितलेली वेळ संपली की ते बंद केले जाते. काम दुव्यावर अवलंबून नाही, पण मुदतीला बांधलेले आहे. किती साधी गोष्ट! आपल्या गावच्या वाचनालयात पुस्तक नेताना परत करण्याची तारीख शिक्का मारून देतात, तीच ही पद्धत. पुस्तक घरी नेता येते, पण तारखेशिवाय नाही.

आणखी दोन धोके अनुभवातून सांगतो. पहिला, ही खोली अमर नाही. आपली वीज गेली तर ती टिकते. पण दूरचे यंत्रच बंद करून पुन्हा सुरू केले तर ती जाते, कारण ती त्या यंत्राच्या चालू स्मृतीत असते. म्हणून काम टप्प्याटप्प्याने लिहून ठेवणे हाच खरा विमा. सत्र टिकवणे म्हणजे काम जतन करणे नव्हे. दुसरा धोका सुरक्षिततेचा. प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेले सत्र तसेच सोडून दिले, तर ज्याच्या हाती ते खाते लागेल त्याला दुसरा परवलीचा शब्द विचारणारा कोणी उरत नाही. दुकानाचे दार लावले, पण गल्ल्याला किल्ली तशीच लटकत ठेवली, असा तो प्रकार आहे.

काही प्राध्यापक म्हणतील, हे सगळे संगणक शाखेच्या मुलांना सांगा, वाणिज्यच्या मुलांना कशाला? आम्हाला जमाखर्चाचे एखादे पॅकेज आले म्हणजे पुरे, असे आमच्यातलेही पुष्कळ जण मानतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणतो की हे मत आता पुरे पडत नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि त्याची विवरणपत्रे दूरच्या यंत्रावरच भरली जाऊ लागली. पेढीचे हिशेब पेढीच्या टेबलावरच्या संगणकात राहतील याची आज खात्री नाही. ते भाड्याच्या यंत्रावर असतात आणि रात्री लावलेली कामे सकाळी तपासली जातात. १ एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांनी हिशेबासाठी असेच सॉफ्टवेअर वापरले पाहिजे की ज्यात केलेला प्रत्येक बदल तारखेसह नोंदला जातो आणि ती नोंद बंद करता येत नाही. हिशेब तपासणारा उद्या विचारणार की हे कोणी, केव्हा बदलले? अशा वेळी दोघांनी एकाच नावाने एकाच खोलीत बसून केलेल्या कामाचे उत्तर कोण देणार? आमच्या दोन कप्प्यांतल्या दुरुस्त्या कोणाच्या, हे आज आम्हालाही सांगता येत नाही.

उलट माझे म्हणणे असे, की हा विषय वाणिज्यच्या विद्यार्थ्याला जितका लवकर कळेल तितका कदाचित दुसऱ्याला कळणार नाही. कीर्द आणि खतावणी आपण पहिल्या वर्षीच शिकतो. खाते उघडले की त्याला नाव लागते. वर्ष संपले की ते बंद करावे लागते किंवा शिल्लक पुढे ओढावी लागते. मधेच लोंबकळत ठेवता येत नाही. ज्या रकमेचा धनी कळत नाही ती आपण वेगळ्या खात्यात ठेवतो आणि तपासतो. दूरच्या यंत्रावरचे सत्र हे असेच एक खाते आहे. आम्ही दोघांनी नाव न लावता, मुदत न लिहिता खाते उघडले आणि व्याज वाढत गेले. परीक्षेत मला हिशेबात चांगले गुण होते. पण जे शिकलो ते कागदाबाहेर वापरायचे असते हे माझ्या ध्यानात आले नाही.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली, महाविद्यालयाच्या संगणक कक्षात वाणिज्यच्या तिसऱ्या वर्षाला निदान दोन तास तरी दूरच्या यंत्रावर काम कसे लावावे, तोडावे, पुन्हा जोडावे आणि बंद करावे हे प्रत्यक्ष दाखवावे. शेवटचे क्रियापद विसरू नये. दुसरी, संस्थेच्या पैशाने घेतलेल्या प्रत्येक यंत्राची नोंद एका वहीत व्हावी: केव्हा घेतले, कशासाठी घेतले, कोणाच्या नावावर, कोणत्या दिवशी परत करणार. मंडळाने अशी वही आता केली आहे. तिचे पहिले पान माझ्या हस्ताक्षरात आहे. तिसरी, सत्र दोघांनी वापरले तरी धनी एकच असावा. मदत सगळ्यांची, जबाबदारी एकाची. चौथी, यंत्र नुसते बंद करून भागत नाही हे ध्यानात ठेवावे. पुष्कळ ठिकाणी बंद पडलेल्या यंत्राचेही भाडे चालूच राहते. ते परत केल्याची खात्री करून घ्यावी. भाड्याच्या खोलीला कुलूप लावले म्हणजे भाडे थांबत नाही, किल्ली मालकाच्या हाती द्यावी लागते.

शेवटी एक गोष्ट माझ्यासारख्यांसाठी. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. टर्मिनल, सत्र, इशारा या सगळ्याची माहिती इंग्रजीतच मिळाली, आणि पहिले काही दिवस मला वाटे की हे आपल्यासाठी नाही. ‘हँग अप’ म्हणजे फोन ठेवणे, एवढा एक अर्थ लागला आणि सगळे प्रकरण उलगडले. मग मी ते मराठीत मित्रांना सांगितले, मैत्रिणीने कन्नडमध्ये सांगितले, आणि दोन्हीकडच्या मुलांना ते सारखेच समजले. विषय कठीण नसतो, पुष्कळदा त्याचा दरवाजा तेवढा परक्या भाषेत असतो. आपल्या मासिकाचे दोन विभाग आहेत, याचा असाही उपयोग करता येईल. माझ्या मैत्रिणीने याच विषयावर कन्नड विभागात लिहावे अशी मी तिला विनंती केली आहे. ती म्हणाली, “लिहीन, पण तुझी चूक मी सांगणार, माझी तू सांग.” मी तिची चूक वर सांगितली आहे, तीही माझी सांगेल.

असो. बावीस अंक आता संगणकावर आहेत. कन्नडची दुरुस्ती पुरी झाली, मराठीची शंभर-एक पाने उरली आहेत. ती मी घरच्या जुन्या संगणकावर करतो आहे, लाईट असेल तेव्हा. ज्यांनी वर्गणी दिली त्यांनी ते अंक जरूर पाहावेत, आणि रंगीत पानांबद्दल मला माफ करावे. पुढच्या वर्षी हे काम ज्यांच्या हाती जाईल, त्यांना एवढेच सांगणे आहे की दुवा तुटण्याला भिऊ नका, काम बिनघोर लावून झोपा. पण सकाळी उठल्यावर ते आपल्या हाताने बंद करा, आणि वहीत सही करा.